सतरावी पट्टी

रक्तपेढीतल्या काकांचा एक तोरा होता. "रेघ उमटायच्या आधीच मला दिसते!" तीस वर्षं रक्त तपासत आलेला माणूस. त्यांच्यापुढे कोण बोलणार?

आता नवीन किट आलं होतं. पट्टीवर रक्ताचा थेंब टाका, वीस मिनिटं थांबा. विषाणूशी लढणारी प्रतिपिंडं रक्तात असली, तर दुसरी रेघ उमटते. विकत घेण्याआधी या किटचीच परीक्षा घ्यायची होती. नमुने दोनशे, उत्तरं डॉक्टरबाईंच्या कपाटात कुलूपबंद. प्रत्येक पट्टी दोघांनी वाचायची, काकांनी आणि त्यांच्या हाताखालच्या चिमणीनं. एकमेकांच्या कागदात डोकवायचं नाही.

सतराव्या पट्टीपाशी काका घुटमळले. चष्मा पुसला. पट्टी खिडकीशी नेली, परत आणली.

"चिमणे, सतराला काय दिसतंय गं?"

"काका, विचारायचं नसतं. नियम तुमचाच."

"अगं, सहज."

"सहज कसलं? मघाशी नऊलाही विचारलंत."

चिमणीला तर सतरावर फिकट गुलाबी रेघ दिसत होती. सांगावं, तर परीक्षा वाया. न सांगावं, तर काकांचं तपासणीचं टेबल जाणार.

तिनं आपला कागद पालथा घातला. काकांनी लिहिलं, 'रेघ नाही'.

संध्याकाळी डॉक्टरबाईंनी उत्तरं काढून ताळा केला. चिमणीच्या कागदावर किटनं सगळे नमुने बरोबर ओळखले होते. काकांच्या कागदावर पाच चुकले. पाचही फिकट रेघांचे.

"काका, हे पाच…" डॉक्टरबाई अडखळल्या.

"चाचरताय काय? किट पास, काका नापास. लिहा तसं."

"पण इतकी वर्षं?"

"इतकी वर्षं जुन्या किटची रेघ ठसठशीत उमटायची. डोळ्यांची परीक्षा घेतली कुणी?" मग चिमणीकडे वळून, "तू कशाला मुसमुसतेस? सांगितलं असतंस तर कान उपटला असता!"

चिमणी नाक पुसत हसली.

"मोतीबिंदू असणार. बायको वर्षभर कटकट करतेय," काका म्हणाले. "तोवर टेबल हिच्याकडे. ते पाच नमुने मात्र फ्रीझरमध्ये ठेवा. ऑपरेशन झालं की वाचून दाखवतो, मग टेबल परत माझं."

"नुसते पाच नाही चालणार," चिमणी म्हणाली. " त्यांची उत्तरं तुम्हाला कळलीत. आणखी पंधरांत मिसळते, नंबर बदलते."

"म्हणजे माझ्यावर भरवसा नाही?"

"अजिबात नाही. तुमच्याच हाताखाली शिकलेय मी."

काका खो खो हसले. मग खिशातून कोरी चिठ्ठी काढून डॉक्टरबाईंपुढे केली.

"डोळ्यांच्या डॉक्टरांचा फोन लिहून द्या. आणि जरा ठळक."