एका नावावरचे दोघे

पैठण रोडवर माझा दवाखाना होता. चितेगावकडचे कारखाने वाढत होते आणि पाळी सुटली की कामगार सरळ माझ्याकडं येत. त्यांत गंगापूरकडचे दोन भाऊ होते, मेंढपाळाच्या घरातले. नोकरी थोरल्याच्या नावावर लागलेली. पण दिवाळीनंतर मेंढरं चारणीला निघाली की थोरला त्यांच्याबरोबर जाई आणि धाकटा त्याच्या नावानं मशीनवर उभा राही. चेहरेपट्टी सारखी; मुकादमही काणाडोळा करायचा. दवाखान्यातही दोघे थोरल्याच्याच नावानं येत, कारण आजारपणाचा दाखला त्या नावाचाच लागे. मला सगळं ठाऊक होतं. केसपेपर एकच, पण प्रत्येक नोंदीपुढं मी ‘थोरला’ किंवा ‘धाकटा’ लिहून ठेवायचो.

मग मी कॉम्प्युटर घेतला. आमच्या भागात दुसऱ्या कुठल्याच डॉक्टरकडं नव्हता आणि मला त्याचा फार तोरा होता. धाकट्याला तेव्हा टीबी निघाला होता, माझ्याच गोळ्या चालू होत्या. पडद्याकडं बघून तो म्हणाला, “एवढा म्हागाचा टीव्ही घेतला साहेब, अन् गानं एक बी लागंना व्हय?”

विद्यापीठाच्या नामांतरावरून शहर तापलेलं होतं. बंदच्या दिवशी पेशंट येत नसत. शटर अर्धं ओढून मी जुने केसपेपर आत भरत बसायचो. या दोघांचा कागद आला तेव्हा जरा थांबलो. एका नावाला एकच नंबर मिळत होता. थोरला-धाकटा लिहायला रकाना नव्हता. शेऱ्यात लिहिता आलं असतं, पण कंटाळा आला होता. सगळं एकाखाली एक भरलं आणि तो कागद बाकीच्यांबरोबर बंबात घातला.

पुढं कारखान्याच्या ऑफिसातून निरोप आला, कायम करायच्या कामगारांच्या तब्येतीची माहिती पाठवा. मी एकाही पेशंटला न विचारता ती छापून दिली. माझ्याकडचा कागद किती सुबक निघतो हे त्यांना दिसावं, एवढंच मनात होतं. थोरल्याच्या नावाखाली टीबी गेला. त्याला गेटवरूनच परत पाठवलं.

तो तडक माझ्याकडं आला. “डागदरसाहेब, टीबी धाकट्याला हाय, मला नाय. तुमाला तर ठावं हाय. तेवढं लिहून द्या.”

लिहून दिलं असतं तर धाकट्याचं नाव निघालं असतं, आणि त्याच्या रजेसाठी थोरल्याच्या नावानं दिलेले दाखले माझ्या सहीचे होते. मी म्हणालो, “कॉम्प्युटरमध्ये तसंच आहे बाबा. मी काय करू?”

“अन् त्यो डबा भरला कुनी?”

मी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

दोघे मेंढरांमागं गेले. धाकट्याचे उपचार अर्धेच झाले होते. गंगापूरला जाणाऱ्या कुणाकडंही गोळ्या देता आल्या असत्या. दिल्या नाहीत. वर्षभरानं त्यांच्या गावचा एक पेशंट आला, त्यानं सांगितलं की धाकटा रानात, मेंढरांच्या तळावरच वारला.

“गोळ्या घेत नव्हता?” मी विचारलं.

“कुठल्या गोळ्या, साहेब? तुमच्या दारात यायची लई शरम वाटायची त्याला. आपल्या दुखन्यापायी भावाची नोकरी गेली, हेच धरून बसला व्हता.”

त्यानंतर लोकांना मी मशीनची चूक म्हणूनच हे सांगत आलो. थोरला कुठं असेल, ठाऊक नाही. त्याची नोकरी भावापायी गेली नव्हती.