उग्र वासाचे खाद्यपदार्थ

आमच्या कॉलेजातल्या समान संधी कक्षाची मी समन्वयक झाले, कारण ज्या दिवशी मीटिंग होती त्या दिवशी मी नागभीडला भाचीच्या साखरपुड्यात जिलेबी वाढत होते. जो मीटिंगला नसतो त्याच्या गळ्यात कमिटी पडते, असा आमच्याकडे अलिखित नियम आहे. आदल्या वर्षी याच नियमानं एका प्राध्यापकांना सर्पमित्र मंडळ मिळालं होतं. ते बिचारे गांडूळ दिसलं तरी खुर्चीवर चढायचे.

कक्षाला जिन्याखालची खोली मिळाली. त्यात श्रमदान शिबिराची घमेली, फावडी आणि दोन मोडके बाक होते. दाराबाहेर मी तक्रारपेटी लावली. चार महिन्यांत तीन चिठ्ठ्या आल्या. एकीत नुसतं ‘पंखा’ असं लिहिलं होतं. दुसरी कोरी होती. तिसरीत ग्रंथालयातल्या शिपाईभाऊंच्या मोबाइलची रिंगटोन बदलावी अशी विनंती होती. मी मराठीची प्राध्यापक असल्यामुळे या तीन चिठ्ठ्यांवरून सहा पानांचा अहवाल लिहिला. ‘वैविध्यपूर्ण सामाजिक व भाषिक पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांना सामावून घेणारे वातावरण’ असं एक वाक्य त्यात होतं. प्राचार्यांना ते इतकं आवडलं की त्यांनी ते प्रवेशद्वारावर रंगवून घेतलं.

पार्श्वभूमी वैविध्यपूर्ण होती हे मात्र खरं. तलावाकाठच्या गावांमधली मासेमारी करणाऱ्यांची मुलं होती, एटापल्लीपलीकडची घरी माडिया बोलणारी होती, सिरोंच्याकडची तेलुगू बोलणारी होती, गावातल्या टेलरची आणि कूलर दुरुस्त करणाऱ्यांची मुसलमान मुलं होती. वर्गात सगळी एकत्र बसायची आणि मधल्या सुट्टीत वाऱ्यावर उडाल्यासारखी पांगायची. कोण कुठे जाऊन काय खातं, हा प्रश्न अहवालाच्या सहाही पानांत कुठे आला नव्हता.

तो आला रसायनशास्त्राच्या सरांमुळे. एका दुपारी ते नाकाला रुमाल लावून प्राचार्यांच्या केबिनमध्ये शिरले. मी तिथे सही घ्यायला बसले होते.

“सर, वर्गात बसवत नाही. पोरी डब्यात सुके झिंगे आणून राह्यल्या.”

ज्या माणसाच्या प्रयोगशाळेतून आठवड्यातून दोनदा सडक्या अंड्यांचा वास अख्ख्या कॉलेजभर फिरतो, त्यानं ही तक्रार करावी! शिवाय हे सर आणि प्राचार्य दोघेही रविवारी सकाळी बाजारात मरळ मासळीसाठी भाव करताना मला भेटायचे. मीही तिथे काही मेथी घ्यायला जात नव्हते. पण कॉलेजच्या फाटकातून आत आलं की आम्ही सगळे एकदम सात्त्विक व्हायचो.

“मूल्यांकन समिती येणार आहे,” प्राचार्य म्हणाले. “मॅडम, एक सूचना लिहून द्या. तुमची भाषा चांगली आहे.”

कौतुकाला मी भुलते. तिथल्या तिथे लिहून दिलं : ‘विद्यार्थ्यांनी महाविद्यालयाच्या परिसरात उग्र वास येणारे खाद्यपदार्थ आणू नयेत.’ मासळी हा शब्द न वापरता मासळी बंद केली, याचा मला चक्क अभिमान वाटला. फळ्यावर चिकटवायची प्रतही माझ्याच हस्ताक्षरात गेली.

साधारण आठवड्यानं रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलमध्ये बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी चक्कर येऊन पडली. सोबत एक काचेची ब्युरेटही फुटली, आणि सरांनी आधी तिची चौकशी केली असं ऐकिवात आहे. ‘तिची’ म्हणजे ब्युरेटची. मुलगी एटापल्लीच्याही पुढच्या गावातली, माडिया. वसतिगृहात राहायची. सूरजागडच्या रस्त्यावर खनिजाचे ट्रक अडकले की तिला घरी पोचायला पूर्ण दिवस लागायचा, म्हणून फारशी जायचीही नाही. दोन वर्षांत तिचा आवाज मी फक्त हजेरीत ऐकला होता.

तिला बाकावर झोपवलं होतं. भोवती आम्हा प्राध्यापकांची तज्ज्ञ समिती जमली. एक म्हणाले उपवास असेल. क्रीडाशिक्षक म्हणाले प्रेमप्रकरण असेल. ग्रंथपालांनी मोबाइलवर ठपका ठेवला. समन्वयक म्हणून प्राचार्यांनी मला पुढे केलं, तेव्हा मी तिचा हात हातात घेऊन आत्मविश्वास या विषयावर बोलायला लागले. जंगलातून इतक्या दूर शिकायला आलेली तू, खचून जाऊ नकोस, वगैरे.

“मॅडम, थे उपाशी आहे जी. भाषण काऊन देऊन राह्यल्या?”

बोलणारी तिच्याच वर्गातली, तिच्या उशाशी उभी असलेली मुलगी होती. वडील तलावावर मासे धरायचे. सकाळी साडेसहाची एसटी धरून रोज यायची. हिच्या बोलण्याला ब्रेक नव्हता, त्यामुळे प्राध्यापक मंडळी तिला जरा टरकूनच असत.

“उपाशी? वसतिगृहात जेवण नाही मिळत?”

“भेटते ना. सकारी नऊ वाजता भेटते, मंग रातच्या आठले. मधात काई नाई. दुपारी थे माह्याच डब्यातलं खाते. माही माय दोघींचा डबा देते.”

“मग?”

“मंग काय! माह्या डब्यात झिंगे राहते. नोटीस लागली, मी डबाच आणणं बंद केलो. आठ दिस झाले, दोघीबी पाणी पिऊन राह्यलो.”

तज्ज्ञ समितीतले सगळे एकाएकी आपापल्या तासाला निघून गेले. त्या वेळी कोणाचाच तास नव्हता.

“दुसरी भाजी आणायची,” मी म्हणाले. हे वाक्य आठवलं की आजही माझे कान गरम होतात.

“आमच्या घरी तलावातून जे निंगते थेच राहते, मॅडम. तुमचं अक्षर ओळखू येते मले. प्रश्नपत्रिकेत पाह्यलं आहे. ‘उग्र’ म्हन्जे काय, थे परीक्षेत इचारान तं लिहीन मी.”

बाकावरच्या मुलीनं डोळे उघडले होते. ती हळूच हसली. दोन वर्षांतलं तिचं पहिलं हसू मी पाहिलं, तेही माझ्याच फजितीवर.

मी स्टाफरूममधला माझा डबा आणून तिच्यापुढे ठेवला. दोघींनी मिळून तो संपवला. मासेमारांच्या मुलीनं माझ्या वांग्याच्या भाजीला ‘मीठ कमी’ असा शेरा दिला.

सूचना मागे घ्या, असं प्राचार्यांना सांगायला मी गेले. दारापर्यंत गेले, आत त्यांचा आवाज चढलेला ऐकला आणि परत फिरले. शूरपणाचा माझा साठा तेवढाच आहे. त्याऐवजी मी जरा लबाडी केली. सूचनेत ‘महाविद्यालयाच्या परिसरात’ असं लिहिलं होतं खरं, पण कक्षाच्या खोलीत काय चालतं हे बघायला चार महिन्यांत कोणी आलं नव्हतं. मी शिपाईभाऊंना हाताशी धरून घमेली-फावडी बाहेर काढली, दोन सतरंज्या अंथरल्या आणि दोघींना निरोप दिला : उद्यापासून डबा इथे.

पहिल्या दिवशी दोघी आल्या. आठवडाभरात दहा-बारा जण झाले. टेलरची मुलगी आली. ती दोन वर्षं सायकल स्टँडच्या मागे उभ्यानं डबा खायची, कारण वर्गात डबा उघडला की ‘आज काय आणलं?’ असं लोक जरा वेगळ्याच आवाजात विचारायचे. तिच्या डब्यात रोज भेंडी असायची. सिरोंच्याचा एक मुलगा आईनं घातलेलं लोणचं घेऊन आला. ते चाखून शिपाईभाऊंच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि दुसऱ्या दिवशी ते स्वतःची भाकर घेऊन त्या लोणच्यासाठीच हजर झाले. मुलं इथल्या झाडीबोलीत बोलायची, तेलुगूत बोलायची, माडियात एकमेकांना शिव्या शिकवायची. मी गेले की पाच मिनिटं शुद्ध मराठी व्हायची. मग एकदा मीच बोलून गेले, “माह्या मायच्या हातचे झिंगे याच्याहून झकास राहे.” मग हशा. वीस वर्षं नोकरीत ही बोली मी फाटकाबाहेर ठेवून येत होते, आणि पोरांच्या उत्तरपत्रिकांत ‘मले’ दिसलं की लाल गोल काढत होते.

तक्रारीही तिथेच यायला लागल्या, तोंडी, घास चावता चावता. माडिया मुलगी म्हणाली की तोंडी परीक्षेत प्रश्न तिला समजतो, उत्तरही येतं, पण मनातल्या मनात उलथापालथ करून मराठीत आणेपर्यंत सर ‘नेक्स्ट’ म्हणतात. हे मी रसायनशास्त्राच्या सरांना सांगितलं. ते म्हणाले, “मले काय माहीत! थे काई बोलतच नाई.” पण पुढच्या तोंडी परीक्षेत त्यांनी तिच्यासाठी घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर वाट पाहिली. वाट पाहताना त्यांचा चेहरा प्रसूतिगृहाबाहेर बसलेल्या माणसासारखा झाला होता, असं तिनंच आम्हाला करून दाखवलं.

समिती यायची वेळ झाली तसा प्राचार्यांना विविधतेचा पुळका आला. आदिवासी मुलींनी पारंपरिक वेशात नाचत स्वागत करावं, असं ठरलं. निरोप्या अर्थातच मी.

“मले नाचता येत नाई, मॅडम,” माडिया मुलगी म्हणाली.

“थोडंसंही?”

“गावात नाचली तं माही आजी म्हणे, तू बस. मी केमिस्ट्रीवाली आहो. थ्या पाहुण्यायले टायट्रेशन करून दाखवू का?”

शेवटी स्वागताला क्रीडाशिक्षकांच्या लेझीम पथकानं वेळ भागवली.

समितीच्या वेळापत्रकात कक्षाची भेट चारला होती, म्हणजे सतरंज्या गुंडाळून झाल्यावर. अध्यक्षबाई आल्या सव्वाएकला. बाहेरगावच्या, कडक इस्त्रीच्या साडीतल्या. दारात उभ्या राहिल्या. आत पंधरा पोरं, झिंगे, लोणचं, भेंडी, आणि हातात अर्धा घास धरलेली मी. मागे प्राचार्य घामाघूम.

“हा कोणता उपक्रम?” बाईंनी विचारलं.

माझ्या डोक्यात सहा पानं भरभर उलटली, पण एकही वाक्य हाताला लागेना.

“जेवण,” मासेमारांची मुलगी म्हणाली. “या ना जी, बसा.”

बाई बसल्या नाहीत. रुमाल नाकाशी नेला, वहीत काहीतरी लिहिलं आणि गेल्या. प्राचार्य त्या दिवशी माझ्याशी बोलले नाहीत. पुढचे पंधरा दिवसही.

अहवाल आला तेव्हा त्यात कक्षाबद्दल एकच ओळ होती : विद्यार्थ्यांची उपस्थिती चांगली असून खोलीत वायुवीजनाची सोय करावी. लेखी आदेश म्हटल्यावर कॉलेज हललं. महिन्याभरात खोलीला एक्झॉस्ट फॅन लागला. त्याच्या उद्घाटनाला प्राचार्य आले, फीत कापली आणि खाली मान घालून सिरोंच्याचं लोणचं मागितलं. सूचना मात्र अधिकृतपणे कोणी मागे घेतली नाही. तिच्यावर परीक्षेचं वेळापत्रक चिकटलं, त्यावर दुसरं चिकटलं.

मासेमारांची मुलगी पुढे एम.एस्सी.ला चंद्रपूरला गेली. माडिया मुलगी भौतिकशास्त्रात दोनदा अडकली आणि तिसऱ्यांदा सुटली. गुणपत्रिका घ्यायला आली तेव्हा मी ऑफिसात होते. तिचं आडनाव पहिल्या वर्षापासून दर कागदावर वेगळं छापलं जात होतं आणि ती मुकाट्यानं सही करत होती. त्या दिवशी तिनं कागद परत सरकवला.

“भाऊ, हे माहं आडनाव नोहे.”

“अवं, एका वेलांटीनं काय होते?” क्लार्कभाऊ म्हणाले.

“काई होत नाई तं बरोबर लिहा ना.”

तिनं त्यांचा पेन घेतला, रद्दी कागदावर मोठ्या अक्षरांत आडनाव लिहिलं, मग सावकाश वाचून दाखवलं आणि त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. भाऊंनी अर्ज घेतला. तीन आठवड्यांनी दुरुस्त होऊन आलेल्या कागदात वेलांटी बरोबर होती, पण आता अनुस्वार गायब होता. ती दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला खिडकीशी परत हजर होती, आणि आतून खुर्ची मागून घेऊन तिथेच बसली.