अकरा मिनिटं

आनंदराव वाहाणे यांना गोड बोलता येत नाही. वडील महूच्या पलटणीत हवालदार, स्वतः तीस वर्षं अग्निशामक दलात; त्या घरात गोड म्हणजे फक्त जिलबी. निवृत्तीनंतर ते एका संस्थेतर्फे शाळाशाळांत जाऊन, आग लागली तर काय करायचं ते मुलांना शिकवतात आणि दर शाळेत निदान एक शत्रू कमावून परततात.

सुदामा नगरच्या शाळेत तो मान मुख्याध्यापिका शलाका मॅडमना मिळाला. शाळा सुरक्षित असल्याचा दाखला त्यांना त्याच दिवशी हवा होता. मान्यतेची फाइल अडली होती. दाखल्यावर सही आनंदरावांची, तीही सगळी मुलं तीन मिनिटांत शाळेबाहेर पडली तरच.

"बारा वाजता सरावाची घंटा होणार, मुलांना सांगून ठेवलंय," मॅडम म्हणाल्या. "इस्त्रीचे कपडे, सरळ रांग. फोटोवालापण येतोय."

"आग सांगून येते का, मॅडम? वरात आहे काय ही?"

"तुम्ही शिकवायला आलात की भांडायला?"

"जमलं तर दोन्ही."

साडेअकरालाच त्यांनी घंटा बडवली. मुलं नाकाला रुमाल लावून, वाकून, जिना उतरून दोन मिनिटांत मागच्या गेटशी पोचली. आनंदराव मनातून खूश झाले, पण चेहऱ्याला पत्ता लागू दिला नाही.

गेटला कुलूप होतं. मधल्या सुट्टीत पोरं कचोरी खायला पळतात म्हणून मॅडमनीच लावलेलं. किल्ली शिपायाकडे आणि शिपाई सोयाबीन पेरायला गावी, सांवेरला.

"असली आग थोडीच आहे," मॅडम म्हणाल्या. "पुढच्या दारानं काढा."

"पुढचं दार जळतंय. असं आपण धरलंय."

"तुम्ही धरलंय. मी नाही."

चौथीतल्या श्रियानं आनंदरावांकडे पाहिलं. "सर, अब?"

"दार बंद असलं तर काय करायचं सांगितलं होतं सकाळी वर्गात?"

ऐंशी मुलांनी गेट बडवायला घेतलं. बोंब अशी, की गल्लीतल्या आया कणकेच्या हातांनी धावत आल्या. शेवटी समोरच्या गॅरेजवाल्यानं कुलूप कापलं. अकरा मिनिटं झाली होती.

आनंदरावांनी आपलं पॅड काढलं. "तीन लिहा," मॅडम दात आवळून म्हणाल्या. तेवढ्यात पलासियाच्या ऑफिसातून संस्थेच्या पीयूषचा फोन आला. मॅडमनी त्याला आधीच गाठलं होतं.

"काका, तीन लिखके दे दो ना. तुमचा करार याच महिन्यात संपतोय, माहितेय ना?"

आनंदरावांनी अकरा लिहिलं, खाली सही केली. मॅडमनी कागद ओढून टराटरा फाडला. आनंदरावांनी खालचा कार्बन बाजूला केला. फौजीच्या घरात वाढलेला माणूस किराण्याची यादीसुद्धा तीन प्रतींत करतो. दुसरी प्रत त्यांनी गेटवरच्या एका आईच्या हाती दिली. बाई मोठ्यानं वाचू लागल्या.

"पुन्हा या शाळेत पाऊल टाकायचं नाही," मॅडम म्हणाल्या.

"बरं," म्हणून आनंदरावांनी स्कूटरला किक मारली.

करार गेलाच. मागच्या गेटला नवं कुलूप मात्र लागलं नाही. आया रोज पाळीपाळीनं बघून जात होत्या.