खिशातली हिरवी दस्ती

दरवर्षी आठवीच्या वर्गाला मी एक इंग्रजी शब्द खोदून दाखवायचो: 'बस', म्हणजे आपली गाडी. मूळ लॅटिन शब्द ऑम्निबस, अर्थ 'सर्वांसाठी'. लोकांनी बोलून बोलून त्याचं तोंड झिजवलं, शेपूट तेवढं उरलं. मुलं हसायची. मी मात्र लगेच फळ्याकडे वळायचो. का, ते आज सांगून टाकतो.

आमच्या मेहकरच्या स्टँडवर गाडी लागली न लागली तोच खिडकीतून दस्ती टाकतात. दस्ती म्हणजे हातरुमाल. ज्याची दस्ती, त्याची सीट. हा कायदा कुठे लिहिलेला नाही, पण कुणी मोडताना मी पाहिलं नव्हतं. मोडला तो मीच.

एका संध्याकाळी बुलढाण्याच्या गाडीत सीटवर हिरवी दस्ती दिसली. उचलली, खिशात कोंबली आणि बसलो. मागून आमच्या शाळेतल्या शिपाई मावशी चढल्या, गुडघे धरत.

"सर, इथं हिरवी दस्ती दिसली का?"

"नाही बुवा."

चिखलीपर्यंत त्या दांडीला धरून उभ्या होत्या. मी झोपेचं सोंग घेतलं.

दस्ती धुतली, इस्त्री केली, परत द्यायला रोज बॅगेत घालून नेली. मावशी निवृत्त झाल्या तरी ती बॅगेतच.

गेल्या महिन्यात त्याच गाडीत त्या नेमक्या माझ्या शेजारी येऊन बसल्या. मी दस्ती त्यांच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं, शब्दाच्या अर्थासकट.

"मले तवाच माहीत होतं," त्या म्हणाल्या. "तुमच्या खिशातून टोक लोंबत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"साऱ्या गाडीत सरले चोर म्हणू? आन् वरून घोरत बी होते तुम्ही. मले त हसूच येऊन राह्यलं होतं."

"चुकलं, मावशी."

"सर्वांसाठी म्हंता ना? मंग उठा. चिखलीपावतर उभे राहा."

उठलो. त्यांनी माझ्या जागेवर दस्ती पसरली, वर डबा ठेवला. कंडक्टर म्हणाला, "सर, डबा उचला अन् बसा की."

"राहू दे त्याईले," मावशी म्हणाल्या. "लय दिवसाचं काम बाकी हाय त्याईचं."

मला हसू आवरेना. चिखलीची घरं दिसू लागली तसा मी बसायला वाकलो.

"थांबा सर," त्या म्हणाल्या, "स्टँड अजून यायचं हाय."