घरातली नर्स

मनीषा, तलासरीच्या नाक्यावर वापीची जीप भरेस्तोवर बाबा माझी बॅग मांडीवर घेऊन बसले होते. पोरगी नर्स व्हायला चालली, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. तू सातवीत होतीस. "ताई, मला पण ने" म्हणत माझी ओढणी सोडत नव्हतीस.

सरकारी कॉलेजच्या जीएनएम नर्सिंगच्या यादीत माझं नाव होतं गं. जातपडताळणीचा कागद वेळेत आला नाही, जागा गेली. आश्रमशाळेच्या बाई म्हणाल्या, वर्षभर थांब, पुन्हा फॉर्म भर. बाबा म्हणाले, "घरी बसलीस तर लगीन लावतील." लावणार कोण, तर तेच! मग वापीत एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर वर्षाचा नर्सिंग कोर्स मिळाला. पहिल्याच दिवशी पांढरा ड्रेस हातात. पाड्यावर लस टोचायला येणाऱ्या सिस्टरही पांढऱ्यातच असतात, म्हणजे हे खरंच, असं आम्ही बापलेकींनी ठरवून टाकलं. नर्सिंग कौन्सिलची मान्यता विचारायची असते, हे कुणाला ठाऊक!

डहाणूच्या सरकारी दवाखान्यात भरतीसाठी गेले तेव्हा तिथल्या मॅडमनी कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर विचारला. नाही म्हटल्यावर फाईल परत दिली. बाहेर बाबा उभे होते. त्यांना म्हटलं, वेटिंगवर आहे.

मग वापीतच एका खाजगी दवाखान्यात लागले. बेडपॅन उचलते, चादरी बदलते. पेशंट 'सिस्टरबेन' म्हणतात, काम आयाचं. घरी मात्र मी नर्सच राहिले.

गेल्या भातकापणीला बाबांना ताप भरला. मी सुट्टीवर आले होते. काका डहाणूला न्यायला जीप घेऊन आले, तर बाबा खाटेवरूनच म्हणाले, "घरात नर्स असताना तिकडं कशाला?" सगळे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. एकच वाक्य बोलायचं होतं. मी तापाची गोळी दिली, कपाळावर पट्ट्या ठेवल्या. तिसऱ्या दिवशी डोळे पिवळे झाले तेव्हा नेलं. डॉक्टर ओरडले, आधी का नाही आणलं? आई म्हणाली, "आमची पोर नर्स आहे ना, ती बघत होती." संध्याकाळी बाबा गेले.

आता तुझी बारावी झाली. आई फोनवर हौसेने सांगत होती, मनीषा पण ताईच्याच कोर्सला जाणार. नको जाऊस. वर्ष गेलं तर जाऊ दे, लोक बोलले तर बोलू देत. पडताळणीचा कागद आधी काढ, कॉलेज कौन्सिलच्या यादीत आहे का ते स्वतः बघ. लग्नाचं कुणी काढलं तर माझ्याकडे पाठव, मी बघते त्याला.

घर म्हटलं की मला आता फक्त ती खाट दिसते आणि भोवतीची माणसं. हे आईला वाचून दाखव, काही गाळू नकोस. मी नर्स नाही, मनीषा. कधीच नव्हते.