लाल गाडी आणि चुंबक

अठ्ठावन्नाव्या वर्षी मी एक गाडी आरशात बघून विकत घेतली. म्हणजे गाडी बघितलीच नाही, तिचा आरसा बघितला. त्यात डोक्याला स्कार्फ बांधलेली, काळा चष्मा लावलेली एक बाई दिसली. ती मला भारी आवडली आणि तिच्यासाठी मी गाडी घेऊन टाकली. नातवंडं विचारतात, "आजी, तू एवढी भोळी होतीस?" भोळी कसली! भोळ्या माणसाला निदान कुणी सांगितलेलं ऐकू तरी येतं. मी शहाणी होते. पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या वह्या तपासलेली बाई ती, तिला कोण काय सांगणार?

सांगणारा माणूस मात्र होता, आमच्या कुंभार पिंपळगावचे मिस्तरी. आष्टीकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांची शेड होती. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, शाळांची फाटकं, दुकानांची शटरं, असलं सगळं ते ठोकायचे. कुठलीही पत्र्याची वस्तू समोर आली की मान वाकडी करायची, डोळे मिटायचे, मधल्या बोटाच्या पेराने दोनदा टकटक करायची आणि निकाल द्यायचा, "पत्रा न्हाई, पापड हाय." नव्या कोऱ्या गाडीला पापड, शेजाऱ्याच्या कपाटाला पापड. एकदा एक पुढारी गावात भाषणाला आले. ते तिकडे बोलत होते आणि मिस्तरी इकडे त्यांच्या गाडीचं बॉनेट वाजवून राह्यले होते. ड्रायव्हर धावून आला, तर त्यालाच म्हणाले, "साहेबाला सांग, जल्दी विकून टाक."

माणसांसाठी त्यांच्याकडे एकच शिवी होती: चौकोन. सरपंच चौकोन, बँकेचा साहेब चौकोन, जावई तर "बिलकुल चौकोन". मला वाटायचं, जन्मभर ट्रॉल्या ठोकल्या, दुसरा शब्द येणार कुठून? असं वाटण्यात मला मोठी ऐट होती. मी त्यांचं बोलणंसुद्धा सुधारायला जायचे. "मिस्तरी, न्हाई काय, नाही म्हणा." ते म्हणायचे, "नाही म्हणलं की पत्रा सरळ होतो का, मास्तरीणबाई?"

आता गाडीचं खूळ कुठून आलं तेही सांगते. मी आठवीत असताना कालव्याच्या मोजणीला एक इंजिनिअर आला होता. त्याचं तोंड मला आठवत नाही. त्याची गाडी आठवते. लाल, उघडी, दोनच माणसांची, आणि चाकांवरून नदीच्या वळणासारखे उतरत गेलेले मडगार्ड. ती धूळ उडवत गेली आणि मी रस्त्यात तोंड उघडं टाकून उभी राहिले. पुढची सगळी वर्षं एसटीत उभं राहण्यात आणि यांच्या स्कूटरवर मागे, एका बाजूला पाय सोडून बसण्यात गेली. निवृत्त झाले, हेही गेले, तेव्हा ठरवलं की आता पुढे बसायचं. लायसन्स काढलं. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, एखादी नवी छोटी गाडी घे, एसी असलेली." मी म्हटलं, "तुझ्या आईला थंड व्हायला अजून अवकाश आहे."

लाल, उघडी, जुन्या घाटाची गाडी. पण तयार घ्यायची की बांधून घ्यायची? मिस्तरींकडे गेले ते विचारायला नव्हे, मिरवायला. शहरातल्या एका व्यापाऱ्याने पाठवलेला फोटो त्यांच्यापुढे धरला. त्यांनी फोटोवरच टकटक केली.

"बांधा," ते म्हणाले. "जुनी चासी बघू, इंजिन बघू. वरचा पत्रा मी ठोकतो."

"तुम्ही? मिस्तरी, ही ट्रॉली नाही."

"मलाबी दिसून राह्यलं ना ते." त्यांनी फोटोतल्या मडगार्डवरून बोट फिरवलं, वरून खाली, सावकाश. "तयार घेतली तर खोट दुसऱ्याची. कुठं हाय ते कळत न्हाई. बांधली तर खोट आपली. ती आपल्याला ठावं असती."

मी हसले. कशी हसले ते मला नीट आठवतं, कारण नापास मुलाच्या बापापुढे मी तशीच हसायचे.

ते रागावले नाहीत. शेडच्या मागेच त्यांचं घर होतं. बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, हाक मारून त्यांनी एक चुंबक आणायला सांगितला. आमच्या जालन्याच्या भंगारवाल्यांच्या खिशात असतो तसलाच, काळा, सुपारीच्या खांडाएवढा. वहिनींनी तो जुन्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळला आणि वर घट्ट गाठ मारली, पर्समधल्या किल्ल्यांना चिकटू नये म्हणून. मिस्तरी म्हणाले, "घ्यायच्या आधी सगळीकडं लावा. दार, मडगार्ड, खालची पट्टी. चिकटला तर पत्रा. पडला तर लांबी." लांबी म्हणजे रंगाच्या आधी खड्डे बुजवायला भरतात तो लगदा. "लांबीला चुंबक भुलत न्हाई. मंग सोडून द्या."

शहरात गेले. व्यापाऱ्याने मला "मॅडम" म्हटलं, खुर्ची दिली, चहा दिला, वर खारे काजू दिले. अशा माणसापुढे चिंधी सोडून, वाकून, गाडीला चुंबक लावायचा? मी काय भंगारवाली होते? पर्सची चेन अर्धी उघडली आणि पुन्हा लावली. मग गाडीत बसले, आरसा बघितला, आणि पुढचं तुम्हाला सांगितलंच आहे.

येताना गाडी मीच चालवली. अंबडपर्यंत लोक वळून बघत होते. एका गतिरोधकावर मागून 'भद्' असा आवाज आला. उतरून बघते तर डाव्या मडगार्डचा भाकरीएवढा ढलपा रस्त्यात पडलेला. वरून लाल, आतून पिठलं वाळावं तसा पिवळट. आजूबाजूला बघितलं, कुणी नव्हतं. मी तो ढलपा उचलला आणि पर्समध्ये टाकला, चुंबकाच्या शेजारी. दोघं घरापर्यंत शेजारी शेजारी राहिले, चिकटले नाहीत.

मिस्तरी शेडच्या दारात उभे होते. फुटका भाग भिंतीकडे करून मी गाडी थांबवली.

"चुंबक लावला का?"

"लावला."

"चिकटला?"

"घट्ट."

मी पर्समधून चिंधी काढून दिली. त्यांनी ती हातात घेतली, बघितली, बाजूला उभ्या वहिनींकडे दिली. "बराबर," एवढंच म्हणाले. टकटक नाही, पापड नाही. मला वाटलं, फसले! पस्तीस वर्षं पोरांची खोटी कारणं पकडणाऱ्या बाईला स्वतःचं खोटं मात्र फार सफाईदार वाटलं.

आठ दिवसांत गाडीने उजवा दरवाजाही टाकला. मी शेडमध्ये जाऊन म्हटलं, "मिस्तरी, पत्रा जरा कमजोर आहे असं वाटतं." त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरने खरवडायला घेतलं. दुपारपर्यंत खाली लांबीचा ढीग, मध्ये गंजाची जाळी, आणि जाळीच्या आड गुंडाळून कोंबलेलं वर्तमानपत्र. चासी खरी निघाली, इंजिन खरं निघालं, कागदपत्रं खरी निघाली. बाकी सगळं 'मॅडम', चहा आणि खारे काजू.

"मंग? बांधू?" ते म्हणाले. डोळ्यांत तुच्छता असेल म्हणून मी खाली बघत होते. आता वाटतं, वर बघायला हवं होतं.

तुम्ही कधी सरळ पत्र्याला गोलाई येताना बघितली आहे? मीही बघितली नव्हती. पहिलं मडगार्ड त्यांनी ठोकलं आणि स्वतःच भिरकावलं. "चौकोन!" दुसरं भिरकावलं. मग चार दिवस शेड बंद. चौकशी केली तर मिस्तरी कुंभारवाड्यात बसलेले. गावाच्या नावाला जागणारी एक-दोन घरं अजून मडकी करतात. कुंभार ओल्या मडक्याच्या आत दगडी गोळा धरतो आणि बाहेरून लाकडी थापीने थोपटतो. मारत नाही, थोपटतो. मिस्तरी चार दिवस तेवढंच बघत होते. परत आले ते वाळूचं पोतं आणि बाभळीची थापी घेऊन.

मी रोज जाऊन बसायचे आणि अक्कल शिकवायचे. "मिस्तरी, इथे थोडं जास्त वळलंय."

"बाई, तुमच्या वर्गात मी आल्तो का कधी?"

तिसरं मडगार्ड चाकावर बसलं त्या दिवशी त्यांनी टकटक केली. डोळे मिटले. आम्ही दोघी, मी आणि वहिनी, बाजूला उभ्या. मग त्यांनी तळव्याने मडगार्ड वरून खाली पुसलं, एखाद्या म्हशीची पाठ पुसावी तसं, आणि चहा प्यायला गेले.

दीड वर्षात गाडी उभी राहिली. रंग मात्र त्यांनी लावू दिला नाही. "आधी चालवा. सांधे बघा. रंग लावला की सगळ्या गाड्या खऱ्याच दिसतात." म्हणून माझी लाल गाडी राखाडीच निघाली, तेल पुसलेल्या उघड्या पत्र्याची. गाव म्हणालं, बाईने बादलीला चाकं लावली. पहिल्या फेरीला मिस्तरी शेजारी बसले. आष्टीपर्यंत त्यांचा हात बाहेर होता, मडगार्डवर. मी जरा जोर दिला की म्हणायचे, "हळू. शाळा भरायला अवकाश हाय."

चौकात लोक जमले. कुणीतरी विचारलं, "मिस्तरी, काय बनवलं हे?" मला वाटलं आता 'चौकोन' येणार. ते म्हणाले, "बघ ना. एक तरी कोपरा घावतो का बघ."

रंगाचा दिवस ठरला होता. त्याच्या आधीच्या आठवड्यात दुपारी जेवून ते बाजेवर आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

मी वहिनींकडे बसायला गेले. शेडमध्ये एक ट्रॉली अर्धवट पडली होती, चारी कोपरे नीट. मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त लाज वाटत होती. शेवटी बोलून टाकलं. "वहिनी, मी मिस्तरींशी खोटं बोलले. तो चुंबक मी गाडीला लावलाच नव्हता."

वहिनी उठल्या. फळीवरून ती चिंधी काढली, तशीच गुंडाळलेली, माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "माझी गाठ मला वळखू येत न्हाई व्हय, बाई? त्यांनाबी त्याच दिशी कळलं व्हतं. मी बोलणार व्हते, तर मला म्हणले, गप ऱ्हा; बाई लाजल्या तर गाडी दुसऱ्याकडं नेतील, अन् माझा सगळा जनम चौकोन ठोकण्यात जाईल."