श्वास ऐकत फिरणारे भाऊजी

माझ्या मामेदिरांच्या मते या भूतलावर माणसांचे दोनच प्रकार होते: तोंड मिटून झोपणारे आणि तोंड उघडं टाकून झोपणारे. शेतीवाडी, पदवी, घराणं हे सगळं त्यांच्या लेखी जागेपणीचं सोंग. अमरावतीत त्यांचा दातांचा दवाखाना होता, पण मोठ्यांच्या बत्तिशीत त्यांचा जीव रमत नसे. त्यांचा सगळा डोळा लहान पोरांच्या टाळूवर. कुणाकडेही गेले की चहाच्या आधी घरातल्या पोराची हनुवटी धरायची, "आ कर" म्हणायचं आणि खिशातला इवलासा आरसा तोंडात घालायचा. नात्यातली पोरं त्यांना पाहताच ओठ गच्च आवळत. त्यावर भाऊजी आणखीच खूश होत. "पाहा, मिटता येते ना तोंड? मंग झोपेत काहून उघडं ठेवतं?"

खरा तमाशा लग्नांत व्हायचा. आमच्याकडे लग्नं भर उन्हाळ्यात. पंगती उठल्या की सारं वऱ्हाड मांडवातच सतरंज्यांवर आडवं होतं. तेवढ्यात भाऊजी चपला काढून निजलेल्या पोरांमधून वाकून वाकून, एकेकाच्या नाकाशी कान नेत फिरत. दर्यापूरच्या एका लग्नात नवरीच्या आत्याने त्यांना एका पोरीच्या गळ्याशी वाकलेलं पाहिलं आणि "चोर, चोर" करून मांडव डोक्यावर घेतला. चौघांनी दंड धरले, तरी भाऊजी ओठांवर बोट ठेवून म्हणाले, "हळू बोला ना बाप्पा! पोरीचा श्वास अडकून राह्यला."

ती पोर माझी होती. कुंदा, नुकती शाळेत जाऊ लागलेली. ती घोरायची, आणि सासूबाई कौतुकाने सांगायच्या, "नात माही गाढ झोपते." घोरणं मध्येच थांबे, त्याबरोबर श्वासही थांबे. मी उठून बसे. मग पोर गचका देई आणि श्वास परत येई. अकोल्याच्या डॉक्टरांनी टॉन्सिल काढले, तरी हे पुरतं गेलं नाही. वर्गात ती पाटीवर डोकं ठेवून झोपे आणि मास्तर तिला मठ्ठ म्हणत. मी तर इतकी थकले होते की रडायचं ठरवलं तरी रडता रडता डोळा लागला असता. मी जे ऐकत होते ते ऐकणारं दुसरं माणूस मला त्या मांडवात भेटलं. लोकांनी त्याचे दंड धरले होते, म्हणून नमस्कार राहून गेला.

"टाळू म्हंजे नाकाची जमीन, वयनी," भाऊजी म्हणाले. "हिची जमीनच अरुंद हाय. लहानपणी रुंदावता येते, मोठेपणी हाड पक्कं होते. गुण येईनच असं नाही सांगत. करून पाहू." त्यांनी टाळूला बसेल अशी गुलाबी पट्टी केली. तिच्या मधोमध बारीक स्क्रू होता आणि तो चावीने थोडा थोडा फिरवायचं काम माझ्याकडे आलं. अकोला-अमरावती बसचा प्रत्येक खड्डा मला पाठ झाला. घोरणं कमी झालं की नाही हे मात्र मला सांगता येईना.

त्यातच अकोल्याला एका लग्नात कुंदाने जेवायला बसताना पट्टी काढून पत्रावळीखाली ठेवली. पंगत उठली, पत्रावळी गोळा झाल्या आणि उकिरड्यावर गेल्या. मी भाऊजींना हाक मारली. नवी पट्टी होईपर्यंत मिळवलेली जागा पुन्हा आवळून यायची. भाऊजींनी कोट सासूबाईंच्या हातात दिला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि गाईंना बाजूला सारत एकेक पत्रावळ उलटायला लागले. नवरीचा बाप धावत आला. "डाक्टरसाहेब, तुमाले वाढलं नाही का कोणी?" भाऊजींनी मान वर केली नाही. शेवटी वांग्याच्या भाजीने माखलेली पट्टी त्यांनी उंच धरली, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो नवरदेवाच्याही नव्हता.

पुढे एका दुपारी कुंदा तोंड मिटून झोपलेली दिसली. आवाज नाही. मी घाबरून नाकाशी हात नेला, तर श्वास संथ चालू होता. मी तिथेच आडवी झाले. उठले तेव्हा दिवेलागण झाली होती आणि सासूबाईंनी चहा केला होता.

हे सांगायला मी तिला घेऊन अमरावतीला गेले. दवाखाना रिकामा होता. पेशंटच्या खुर्चीत भाऊजीच झोपले होते, तोंड उघडं, घोरत. घोरणं थांबलं. मी उंबऱ्यातच उभी राहिले. गचका बसला, श्वास आला, आणि डोळे उघडून त्यांनी माझा चेहरा पाहिला.

"आमच्या लहानपणी कोणी ऐकलंच नाही, वयनी," ते म्हणाले. "आता हाड पक्कं झालं." आणि आरसा काढून कुंदाला म्हणाले, "आ कर."

त्यानंतर लग्नांत पोरांमधून फिरून भाऊजी दमून आडवे झाले की मी जरा अंतरावर विंझण्याने वारा घेत बसत असे. त्यांचा श्वास अडकला की माझा हात थांबे, आणि तो परत आला की पुन्हा हलू लागे. आता भाऊजी नाहीत. मांडवात सगळे झोपतात, मलाही झोप हवी असते, पण विंझणा हातात तसाच थांबतो आणि मी वाट पाहत बसते.